रिकाम्या घरांत भरलेलं पाणी

या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नको म्हणाले. डॉक्टरांनी लिहावं, नर्सबाईंनी लिहावं. त्यांच्याकडे वाचलेली माणसं असतात, ती माणसं पेढे घेऊन येतात, पाया पडतात. माझ्याकडे तसं काही नाही. मी हिवताप विभागात होते. लोकांच्या घरात शिरून साठवलेलं पाणी बघायचं, त्यात डासांच्या अळ्या दिसल्या तर ते ओतून टाकायचं, हे माझं काम. माझं काम नीट झालं की काहीच होत नाही. कोणाला ताप येत नाही, कोणी दवाखान्यात जात नाही, आणि न झालेल्या गोष्टीबद्दल कोणी पेढे वाटत नाही.

आधीची बरीच वर्षं मी अंबरनाथ-बदलापूरकडच्या गावांत काढली आणि शेवटची उल्हासनगरात. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, एक पांढरी ताटली, पळी आणि अळीनाशकाची बाटली. मुलं मला मच्छरवाली म्हणायची. दार उघडणारा माणूस पहिलं वाक्य ठरलेलं बोलायचा, "आमच्याकडे डास नाहीत." हे बोलताना हाताने स्वतःच्याच पोटरीवर चापट मारलेली मी कितीदा पाहिली आहे. बदलापूरच्या एका बंगल्यात बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी मला फाटकातच थांबवून सांगितलं, की डास शोधायचे तर झोपडपट्टीत जा. त्यांच्या दारात कमळाची कुंडी होती. मी त्यातलं पळीभर पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन त्यांच्यासमोर धरलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ही माशांची पिल्लं दिसतात.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. डेंग्यूचा डास गटारात होत नाही. त्याला आपण पितो तसलं स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. मादी पाण्यात अंडी घालत नाही, पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवते. भांडं ओतलं तरी ती अंडी तिथेच राहतात, कोरडी पडली तरी मरत नाहीत, महिनोन्महिने वाट बघत राहतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून भांडं नुसतं ओतायचं नसतं, आतून काथ्याने घासायचं असतं. आणि हा डास फार लांब उडत नाही. एखाद्या गल्लीत तापाचे रुग्ण निघाले, तर त्याचं पाणी त्या गल्लीतच, किंवा अगदी लगत असतं. शोधलं की सापडतं. माझ्या नोकरीत ते फक्त एकदा लवकर सापडलं नाही, आणि मी लिहायला बसले ती त्यासाठीच.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये, विठ्ठलवाडीच्या बाजूला, एक गल्ली आहे. दोन्ही अंगांना पत्र्याच्या खोल्या, खाली जीन्स शिवायची मशीनं, वर माळ्यावर राहणारी कुटुंबं. दिवसभर मशीनांचा आवाज असतो, फक्त शुक्रवारी सुट्टी. त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर तिथे ताप सुरू झाला. पहिल्यांदा एक कारागीर, मग त्याच्या शेजारची बाई, मग समोरची दोन मुलं. मी आणि आमचा फवारणी कामगार दत्ता अशी आमची जोडी होती. दत्ता चामटोलीचा, शेती करून नोकरी करणारा, अंगाने आडवा आणि स्वभावाने गरीब. आम्ही गल्लीतलं एकेक घर तपासलं. पिंपं, माठ, मोरीतल्या बादल्या, फ्रिजच्या मागचे ट्रे, पत्र्यावरचे टायर. थोडंफार निघालं, ते साफ केलं, धुरळणी केली. ताप थांबला नाही.

त्या गल्लीत शोभाताई राहायच्या. त्या साताऱ्याकडच्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा संजय शिलाईकाम करायचा. त्याचं लग्न ठरलेलं होतं. त्यांचं घर मी तपासलं तेव्हा ते सगळ्या गल्लीत स्वच्छ होतं. पिंपाला फडकं बांधलेलं, कळशा पालथ्या. संजय मशीनवर बसूनच माझ्याशी हसून बोलला होता. पुढच्या आठवड्यात त्याला ताप आला. गल्लीतल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, ताप उतरला, तो पुन्हा मशीनवर बसला. या आजारात ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, हे मी प्रत्येक घरात सांगत आले होते, त्याही घरात सांगितलं होतं. पण बरं वाटणाऱ्या माणसाला कोण अडवणार. त्याच्या पोटात दुखायला लागलं, मग हातपाय गार पडले. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

त्यांच्याकडे भेटायला गेले तेव्हा शोभाताई पिंपाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी फडकं सोडून मला पिंप दाखवलं. पाणी तळापर्यंत निवळ होतं. बाई, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, मग हे कुठून आलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी त्यांच्या दारात उभी राहून आजूबाजूला बघितलं. घरं सगळी तपासलेली. समोरच्या खोल्यांच्या मागे एक इमारत उभी होती, तिच्याकडे माझी नजर गेली.

इमारतीचं नाव बदलून मी कमलकुंज म्हणते. चार मजली, जुनी. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब दुसऱ्यावर कोसळला होता. एक बाई गेली. त्यानंतर सगळ्यांना बाहेर काढलं, वीज आणि पाणी तोडलं, भोवती पत्रे मारले. माणसं मिळेल तिथे पांगली, कोणी पालेगावच्या नव्या टॉवरांत, कोणी बदलापूरला भाड्याने. आमच्या यादीत ती इमारत बंद म्हणून लागली होती. जिथे माणूस नाही आणि नळाला पाणी नाही, तिथे आम्ही काय तपासणार?

मी गल्लीत त्या इमारतीबद्दल विचारलं, तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने सांगितलं, की शुक्रवारी मशीनं बंद असली की वरून पाणी ओतल्याचा आवाज येतो. भर दुपारी. भांड्यात पाणी पडताना आवाज जसा हळूहळू बारीक होत जातो, तसा. एका घरातून, मग जरा वेळाने दुसऱ्या. स्लॅबखाली गेली त्या बाईचं नाव कविता. तीच पाणी भरते, असं सगळी गल्ली मानून चालली होती. त्या अंगाच्या खिडक्यांना लोकांनी आतून पुठ्ठे लावले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दत्ता पत्रा वाकवून आत गेलो.

पडक्या जागा मी नोकरीत खूप पाहिल्या. पण पडकी जागा पडकी दिसते. कमलकुंज तशी नव्हती. दारं, चौकटी, खिडक्यांच्या जाळ्या भंगारवाल्यांनी काढून नेल्या होत्या, त्यामुळे पहिल्या मजल्यावर उभं राहिलं की एका घरातून दुसऱ्या घरात, तिसऱ्यात, शेवटपर्यंत दिसायचं. भिंतींवर फोटोंच्या जागा फिकट राहिलेल्या. जिने मात्र झाडलेले होते. धूळ कडेला सारलेली, मधून पाय ठेवायला वाट. दत्ता माझ्या मागे होता. पुढे व्हायला त्याने नकार दिला होता.

पहिल्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एक स्टीलचा डबा होता. काठोकाठ पाण्याने भरलेला. वर झेंडूची एक पाकळी तरंगत होती. शेजारच्या घरात बिनझाकणाचा कुकर, तोही भरलेला, त्यातही पाकळी. पुढच्या घरात लोणच्याची बरणी. त्याच्या पुढे रंगाची बादली. प्रत्येक घरात, अगदी ओट्याच्या त्याच कोपऱ्यात, काही ना काही भरून ठेवलं होतं. नळाला पाणी नव्हतं, मी तोटी फिरवून बघितली. आतून गंज पडला.

मी कुकरवर वाकले आणि पाणी हललं. मी हात लावला नव्हता, वारा नव्हता. माझी सावली पडताच वरचं सगळं पाणी थरारल्यासारखं झालं आणि पुन्हा स्थिर झालं. आता यात विलक्षण काही नाही, अळ्या श्वास घ्यायला वर येतात आणि सावली पडली की तळाशी पळतात. मला ते माहीत होतं, हजारदा पाहिलेलं होतं. तरी त्या ओळीने मांडलेल्या रिकाम्या घरांत, आम्ही दारात आलो की ओट्यावरचं पाणी आम्हाला बघून हलतं आहे, असं वाटत राहिलं. टॉर्च मारला तर आत एवढ्या अळ्या, की तळ दिसेना.

दत्ता दारातच थांबला होता. तो हळूच म्हणाला, "बाई, चला. आपलं काम नाय हे."

मी म्हटलं, आपलंच काम आहे. आम्ही दोन मजल्यांवरची सगळी भांडी ओतली. पाणी जिन्यावरून खाली वाहत गेलं. स्लॅब पडलेल्या घरापाशी जायला मी त्याला सांगितलं नाही, मीच गेले. तिथे भोकाच्या कडेला जमिनीवर एक तांब्याची घागर होती, घासून लख्ख केलेली. तिच्यात सगळ्यात जास्त अळ्या होत्या. तीही ओतली.

आठवड्याने गेलो तर सगळी भांडी भरलेली होती. पाकळ्या ताज्या होत्या.

त्यानंतर दत्ता वर आला नाही. बळजबरी करण्यात अर्थ नव्हता, त्याच्या घरी लहान मुलं होती आणि तो खरोखर घाबरला होता. मी साहेबांना सांगितलं. माणसं येऊन पत्र्याच्या फटी बंद करून गेली. पुढच्या आठवड्यात मी एक पत्रा उघडून घेऊन वर गेले, तर भांडी पुन्हा भरलेली. गल्लीत आणखी दोघांना ताप आला होता. बायका मला सांगायला लागल्या, की तुम्ही तिचं पाणी सांडलंत म्हणून तिने ताप वाढवला. मला हसू आलं नाही. तिथून लवकर निघायच्या घाईत आम्ही पाणी ओतत होतो पण भांडी घासत नव्हतो, आणि कोणी तरी पुन्हा भरत होतं. अंडी आयती फुटत होती. ताप आमच्यामुळे वाढला नसेल, पण कमीही झाला नव्हता.

शुक्रवारी मी एकटी गेले. दुपारची वेळ, मशीनं बंद, गल्लीत सामसूम. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणाशी पिशवी मांडीवर घेऊन बसले. खरं सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या दुपारी तो विश्वास नसणं फारसं उपयोगी पडलं नाही. माझ्या समोरच्या घरातही एक लोणच्याची बरणी होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. मग खालून आवाज आला. पाणी पडण्याचा, हळूहळू बारीक होत गेलेला. थांबला. पुन्हा, जरा जवळून. मधल्या वेळात पावलं ऐकू येत नव्हती. तिसऱ्यांदा आवाज आला तो माझ्या खालच्याच घरातून, आणि मग जिन्यावर कोणाचा तरी श्वास ऐकू आला.

एक म्हातारी वर आली. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, अनवाणी. एका हातात स्टीलची छोटी कळशी, दुसरा हात भिंतीला. मला बघून ती दचकली नाही. जणू त्या जिन्यावर कोणी तरी भेटणार हे तिला ठाऊकच होतं.

"अच, पुट. वेह," ती म्हणाली. ये बाळा, बस, असं सिंधीत. तिने मला त्या रिकाम्या घरात पाहुण्यासारखं आत बोलावलं.

त्या गोपीअम्मा. कविता त्यांची सून. इमारत सोडल्यावर त्या, मुलगा प्रकाश आणि कविताची मुलगी मेहक मागच्या रस्त्याला एका खोलीत राहत होते. दुपारी मुलगा दुकानात आणि नात शाळेत गेली, की त्या मागच्या देवळाच्या भिंतीतल्या खिंडारातून आत यायच्या. कोपऱ्यावरच्या बोअरिंगचं पाणी कळशीने आणायच्या, थोडं थोडं, प्रत्येक घरात कमी झालं असेल तेवढं.

बरणीत पाणी ओतत त्यांनी हिंदीत सांगितलं ते असं. स्लॅब पडला तेव्हा कविता खाली अडकली. जिवंत होती, बोलत होती. माणसं येऊन ढिगारा काढेपर्यंत ती पाणी मागत होती. त्या दिवशी इमारतीला पाणी आलं नव्हतं. अम्मा घराघरांत फिरल्या, कोणाच्या भांड्यात थेंब नव्हता. बाहेरून बाटली आणेपर्यंत ती मागायची थांबली होती. तेव्हापासून अम्मांनी या इमारतीतलं एकही घर कोरडं ठेवलं नाही.

मी त्यांना विचारलं, की पाण्यात हे किडे दिसतात, ते तुम्ही पाहिले नाहीत का.

त्यांनी मला बरणीजवळ नेलं आणि वाकायला लावलं. आमच्या दोघींची सावली पडली, पाणी थरारलं. अम्मांच्या चेहऱ्यावर मी हसू पाहिलं.

"पहले पानी ऐसे ही पड़ा रहता था," त्या म्हणाल्या. "फिर उसमें जान आ गई. देख, चलती है. मैं आती हूँ तो पहचानती है. तब मैं समझी, कविता ने पी लिया."

मी आजवर लोकांना अळ्या नाकारताना पाहिलं होतं, लपवताना पाहिलं होतं. त्यांना कोणी जीव लावलेला पाहिला नव्हता. दंडाची नोटीस माझ्या पिशवीत होती, ती मी बाहेर काढली नाही. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की नात कशी आहे. त्या म्हणाल्या, कालपासून ताप आहे, आज शाळेत गेली नाही, झोपून आहे.

मी त्यांना उठवलं. आधी घरी चला म्हटलं, मुलाला फोन लावायला लावला. मेहक आठवीत होती. डोळ्यांमागे दुखतंय म्हणत होती, डोळे लालभडक. मी प्रकाशभाईंना सांगितलं, की आजच्या आज रक्त तपासा, आणि ताप उतरला तरी चार दिवस नजर हलवू नका. त्यांनी ऐकलं. संजयच्या वेळी जे झालं ते सगळ्या भागाला माहीत होतं.

निघताना मी अम्मांना एक बाटली दिली. भोकाच्या कडेच्या, कविताच्या घागरीतलं पाणी मी त्या दुपारी जिन्यात बसण्याआधीच पुराव्यासाठी त्यात घेतलं होतं. अळीचा पुढे कोष होतो, स्वल्पविरामासारखा वाकडा, तो दोनेक दिवसांत फुटतो. तसले चार-पाच कोष बाटलीत होते. तोंडाला मी जाळीचं फडकं घट्ट बांधलं आणि सांगितलं, की अम्मा, हा जीव पुढे काय होतो ते तुमच्या डोळ्यांनी बघा. बाटली उघडू नका. मी सोमवारी येते. शाळांमध्ये मुलांना आम्ही असंच दाखवायचो, मुलं टाळ्या वाजवायची. त्या खोलीतून बाहेर पडताना मला काही बरं वाटत नव्हतं.

सोमवारी गेले तेव्हा मेहक दवाखान्यात होती. डेंग्यू निघाला होता, प्लेटलेट उतरत होत्या, पण वेळेवर दाखल झाली होती. अम्मा खोलीत एकट्या होत्या. देवघरात माशावर बसलेल्या झुलेलालांची तसबीर, पुढे ज्योत. बाटली त्यांच्यासमोर जमिनीवर होती. प्रकाशभाई म्हणाले होते, की आई दोन दिवस तिथून उठली नाही.

बाटलीत जाळीला खालून तीन डास लटकले होते. पायांवर पांढरे पट्टे. पाण्यावर त्यांची सोडलेली टरफलं तरंगत होती. अम्मांनी बोट जाळीजवळ नेलं. डास लगेच त्या बाजूला सरकले, सोंडा जाळीतून बाहेर काढायला लागले.

"पहचानते हैं," अम्मा म्हणाल्या. पहिल्यासारखंच म्हणाल्या, पण आवाज वेगळा होता. मग त्यांनी विचारलं, "मेहक को इसने काटा?"

मी म्हणाले, याने नाही, हा आत्ता बाटलीतच जन्मला. पण असल्याच एकाने. आणि त्या गल्लीतल्या मुलालाही.

त्यांना संजयचं माहीत होतं. त्या दोघींची घरं पाठीला पाठ लागून होती, शोभाताईंचं रडणं त्यांनी खोलीतून ऐकलं होतं. त्या उठल्या, कोपऱ्यातला काथ्या घेतला आणि चालायला लागल्या. मी मागोमाग. त्या दिवशी आम्ही दोघींनी कमलकुंजमधलं एकेक भांडं ओतलं, आतून घासलं, पालथं घातलं. अम्मांना दम लागत होता, पण काथ्या त्यांनी माझ्या हाती दिला नाही. अर्ध्यावर दत्ता आला. गल्लीतून त्याला कळलं असावं. त्याने जिन्यापाशी पायातली चप्पल काढून ठेवली आणि काही न विचारता बादल्या ओतायला लागला.

शेवटी तांब्याची घागर राहिली. ती अम्मांनी घासली, पण पालथी घालवेना. घागर कुशीत धरून त्या भोकाच्या कडेला बसल्या. "अब उसको क्या दूँ?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या विभागाच्या हौदात गप्पी मासे होते. अळ्या खाणारे, बोटाच्या पेराएवढे. मी अम्मांना म्हटलं, की सगळ्या घरांचं मिळून एकच पाणी ठेवू. खाली, जिन्याच्या पायथ्याशी, जिथे छत धड आहे. मोठं पिंप, आणि त्यात मासे. दुसऱ्या दिवशी दत्ताने पिंप आणलं आणि पिशवीतून मासे सोडले. अम्मा वाकल्या. सावली पडल्यावर मासे पळाले नाहीत, वर आले. त्यांनी ओढणी सारखी केली आणि हात जोडले. त्यांच्या देवाचं वाहनच मासा, मला त्यांना वेगळं काही समजवावं लागलं नाही.

त्यानंतर गल्लीतला ताप कमी होत होत थांबला. मेहक घरी आली. गल्लीच्या तोंडाशी एक बॅनर लागला, दवाखान्याच्या डॉक्टरांचा सत्कार, हार, फोटो. त्यांनी मुलीला वाचवलं होतं, सत्कार योग्यच होता. मी त्या बॅनरखालून रोज जायचे. ज्यांना ताप आलाच नाही अशी घरं मला त्या गल्लीत दिसायची, आणि त्या घरांतली माणसं मला बघून पूर्वीसारखीच म्हणायची, आमच्याकडे डास नाहीत. आता ते खरं होतं. दवाखाने आपल्याला दिसतात, त्यांच्यासाठी माणसं दागिने विकतात, देणग्या देतात. घासलेलं भांडं कोणाला दिसणार? ही खंत मी नोकरीभर बाळगली, आणि खोटं कशाला बोलू, अजून आहे. आमच्या विभागात माणसं कमी होत गेली, दवाखान्यांच्या इमारती वाढत गेल्या. आजार झाल्यावर धावणारा समाज आपण आहोत. आजार येऊ नये म्हणून कोणी दारात उभं राहिलं, तर त्याला आपण फाटकातच थांबवतो.

सहा महिन्यांनी प्रकाशभाईंनी बदलापूरला घर घेतलं आणि अम्मा गेल्या. मला हे उशिरा कळलं. माझी निवृत्ती जवळ आली होती, दुसऱ्या भागाचं काम होतं. मग पिंपाची आठवण झाली. मासे मेले असतील, पाण्यात अळ्या झाल्या असतील, पावसाळा तोंडावर. मी तशीच कमलकुंजला गेले. देवळामागच्या खिंडारातून वाकून आत शिरले, तर आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. हळूहळू बारीक होत जाणारा.

मी जागेवर थांबले. अम्मा बदलापूरला होत्या, मी त्यांच्याशी फोनवर बोलून निघाले होते. आवाज थांबला. जिन्याच्या पायथ्याशी अंधार होता, तिथे पिंपाशेजारी कोणी तरी पाठमोरं वाकलं होतं. मी टॉर्च लावला.

शोभाताई होत्या. हातात काथ्या, साडी खोचलेली. याच इमारतीकडच्या खिडकीला त्यांनी पुठ्ठा लावला होता, इकडे बघायलाही त्या तयार नसायच्या. त्यांनी सांगितलं, की सिंधीण आजी जाताना घरी आली होती. दारात उभी राहिली, आत आली नाही. हात धरून रडली, काय बोलली ते नीट समजलं नाही, पण मासे एवढं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा त्या येतात, मासे बादलीत काढतात, पिंप घासतात, पाणी बदलतात. भीती नाही वाटत का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. आता कशाची भीती बाळगायची, असं त्या म्हणाल्या.

मी सवयीने टॉर्च पिंपात मारला. एकही अळी नव्हती. मासे वाढले होते, त्यांची पिल्लंही झाली होती.

शोभाताई माझ्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मग पाण्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "बाई, हे मासं आदी सोडलं असतं, तर माझा संजू ऱ्हायला असता का?"

डॉक्टरांना हा प्रश्न रोज विचारतात, लवकर आणला असता तर वाचला असता का. मला तो सबंध नोकरीत कोणी विचारला नव्हता. बहुतेक, कदाचित, सांगता येत नाही, असे आमच्या कामातले शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. कमरेच्या पिशवीतून चिमूटभर कणीक काढली आणि पाण्यावर सोडली.